पहिला पाव नंदाखालला

आई, काल पाव भाजले. अकरा नीट उतरले, बारावा खालून करपला, तो मी ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ला. करपलेला पाव करणारीच्या वाटणीला, हा तुझाच कायदा. बाकीचे आज संध्याकाळी आळीतल्या क्रुसापाशी नेले. नाताळला अजून सगळे तिथे जमतात, प्रार्थना झाली की ताटल्या उघडतात. आता निम्म्या घरांतून बेकरीचा केक येतो, पण माझी ताटली दिसली की बायका म्हणतात, "चला, हिच्या आईचा चीजचा पाव आला." अकरा वर्षं हे ऐकून मी हसते. आज हसू आलं नाही, म्हणून घरी येऊन लिहायला बसले. नाहीतर तुला पत्र लिहावं एवढी गुणाची मी कधी होते? तुझ्या नावावर एक गोष्ट लागली आहे, आई. ती तू केलेली नाहीस, मी केली आहे, आणि तुझ्या नावावरून ती मी अजून पुसलेली नाही.

या पावात चीज आलं तेही माझ्याचमुळे. मी सहावीत होते. ताडी घालून मळलेलं पीठ आंबलं की घरभर जो वास सुटायचा त्याने मला मळमळायचं, आणि आपला नाताळचा पाव म्हणजे तोच वास. मी ताटलीला हात लावीना. बाबा म्हणाले, राहू दे उपाशी, सणासुदीला कोण हिचे नखरे काढत बसणार. मामा गल्फहून सुट्टीवर आला होता, त्याने आणलेला चीजचा गोल डबा तू पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवला होतास. दुसऱ्या दिवशी तो फोडलास, चीज किसून त्यात मिरची-कोथिंबीर कालवलीस, ते पिठाच्या गोळ्यांच्या पोटात भरलंस आणि खाली-वर निखारे असलेल्या पातेल्यात पाव भाजायला लावलेस. मी तीन खाल्ले. "खाल्लंस ना, झालं तर," एवढंच म्हणालीस. पुढच्या वर्षीपासून सगळ्या आळीला तोच पाव. माझा नखरा लोक आज परंपरा म्हणून खातात.

ताडी मात्र तू सोडली नाहीस. नंदाखालची मावशी, तुझ्या शाळेतली मैत्रीण, तिच्या घरचे ताड होते. तेवीस तारखेला सकाळीच तू एसटीने तिच्याकडे जायचीस आणि पहाटे उतरवलेली ताडी बाटलीत भरून आणायचीस. ज्याची ताडी त्याला पहिला पाव, हा तुम्हा दोघींचा नेम. चोवीसला पातेल्यातून पहिला पाव निघाला की तो फडक्यात बांधून नंदाखालला जायचा, त्याआधी घरात कोणी तोंडात घास घालायचा नाही. बाबा कुरकुरायचे, "नवरा घरात आणि पाव नंदाखालला." तू म्हणायचीस, "मग लावा की एखादा ताड."

तुझ्या शेवटच्या नाताळला तू खाटेवर होतीस. मला म्हणालीस, यंदा तू जा. सकाळी मला माणिकपूरला ऑफिस होतं हे खरं, पण त्या दिवशी आम्हाला दुपारी सोडलं हेही खरं. रिक्षाने गेले असते तर मावशीला भेटून, बाटली घेऊन तिन्हीसांजेच्या आत घरी आले असते. मी पार्लरमध्ये जाऊन बसले. केस धुवून सेट करून घेतले, आणि येताना स्टेशनजवळच्या दुकानातून यीस्टचं पाकीट घेतलं. म्हटलं, चीजच्या चवीत कोणाला कळतंय. घरी आल्यावर तू विचारलंस, "गेली होतीस?" मी म्हटलं, "गेले होते." "मावशी कशी आहे?" "बरी आहे. तुला विचारत होती." इतकं सहज तोंडातून आलं की माझी मलाच कमाल वाटली.

पीठ मळलं. थंडी होती, म्हणून ते पातेलं तू आपल्याजवळ खाटेवर ठेवायला सांगितलंस, जुन्या लुगड्यात गुंडाळून. ताडीचं पीठ वर यायला रात्र घेतं. हे तासाभरात उठलं, झाकण कलंडलं. तू त्यावर हात ठेवून पडली होतीस. चाळीस वर्षं तेच पीठ मळलेला हात तो. "आज पीठ भारी घाईत आहे गं," म्हणालीस. मी म्हटलं, ताडी ताजी होती. मग तू माझ्या केसांकडे बघितलंस. "छान दिसतायत," म्हणालीस, आणि डोळे मिटलेस.

दुसऱ्या दिवशी पहिला पाव उतरला तेव्हा तू फडकं मागून घेतलंस आणि स्वतः गाठ मारलीस. आता वाटतं, तू मला अजून एकदा वाट करून देत होतीस. तेव्हा जरी गेले असते, मावशीला म्हटलं असतं की चुकले, तरी भागलं असतं. पण ताडीच घेतली नाही तर पाव कुठल्या तोंडाने द्यायचा? तो माझ्या ऑफिसच्या पिशवीत राहिला. सव्वीस तारखेला ऑफिसात टेबलावर कापला. सगळ्यांनी कौतुक केलं, दोघींनी रेसिपी लिहून घेतली. मी ताडी असंच सांगितलं.

जानेवारीत तू गेलीस. तुझ्या महिन्याच्या मिस्साला, त्या प्रार्थनेला, मावशी आली, चर्चमधून घरी आली, पडवीत बसली. मी चहा दिला. तिने माझा हात धरून सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. "बाटली भरून ठेवली होती गं, पन कोन आलंच नाय. मग नाताळ झाल्यावर मीच आले तुझ्या आईला बघायला, तू कामावर होतीस. ती बोलली, रागवू नको, मीच पोरीला सांगितलं, एवढ्या लांब नको जाऊ, यंदा यीस्ट घाल. आनि मला विचारते, पाव मिळाला ना? आता काय बोलनार मी? मिळाला बोलले, चांगला झालेला बोलले. तिच्या जिवाला कशाला घोर." मग म्हणाली, "पन लागलं मला. एवढ्या वर्सांचा नेम, आनि तिनेच मोडला."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तिने नाही मोडला मावशी, मी मोडला, एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हटलं, "चहा घे मावशी, थंड होतोय." आई, तुम्ही दोघी शाळेपासूनच्या. तुमची ती शेवटची भेट. त्या भेटीत तू तिच्याशी खोटं बोललीस आणि ती तुझ्याशी, आणि दोन्ही खोटी माझ्यापायी. मी तेव्हा ऑफिसात होते, सेट केलेल्या केसांत. याची मला लाज वाटते. नुसती आठवण आली तरी कानशिलं तापतात.

त्यानंतर दहा वर्षं मी नंदाखालची वाटच टाळली. पाव दरवर्षी केले, यीस्टचेच, आणि तुझ्या नावाने वाटले. या वर्षी कळलं की मावशीला आता दिसत नाही, ती घराबाहेर पडत नाही. मग गेले, तेवीसला, सकाळी लवकर. तिचा मुलगा अजून ताडावर चढतो. त्याने बाटली भरून दिली, मावशी तेव्हा झोपली होती. पीठ रात्रभर ठेवलं, तुझ्याच लुगड्यात. तो वास घरभर सुटला आणि मला अजूनही मळमळलं. काल पहिला पाव उतरला तसा फडक्यात बांधला आणि रिक्षा केली. वाटेत तीन वाक्यं मनाशी घोकत होते, जणू कन्फेशनला निघाले होते.

मावशीने पाव हातात घेऊन आधी हुंगला. मग मोडला, चीज बोटाला लागलं ते चाटलं, सावकाश खाल्ला. मी समोर बसून होते. "आता कसा," ती म्हणाली. "हाच तो. तुझ्या आईने त्या एका वर्साला उगाच नेम मोडला. पन जाऊ दे. माफ केलं मी तिला, सांग तिला क्रुसापाशी."

मी म्हटलं, "सांगते मावशी."

सांगितलं नाही. आज क्रुसापाशी नुसती मेणबत्ती लावली, कारण ती माफी तुझी नव्हेच, तुला ती कशाला सांगू? हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवणार. पण एक राहिलं, तेही लिहून टाकते. काल मावशी माफ केलं म्हणाली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं, आई, की परत येताना रिक्षात मला गाढ झोप लागली.