चषक घरातच राहावा म्हणून

२ जानेवारी १८९३, सोमवार
नवीन वर्ष, नवीन वही. धाकटा भाऊ तालाक जाऊन अकरा आठवडे झाले.
आज स्की-मंडळाचं पत्र आलं, त्याच्या बायकोच्या, गुन्वोरच्या नावाने. उड्यांच्या स्पर्धेत तालाकने सलग दोन वर्षं जिंकलेला चांदीचा चषक १९ फेब्रुवारीपूर्वी परत करावा. तो कायमचा मिळतो सलग तीनदा जिंकणाऱ्याला, आणि तालाक यंदा भाग घेऊ शकणार नाही, हे मंडळ खेदाने नमूद करते. गुन्वोरने पत्र वाचलं. चषक पुसला आणि परत फळीवर ठेवला.
निश्चय : मी उतरणार. चषक घराबाहेर जाणार नाही. वय सत्तेचाळीस, पण उडीची थिअरी मला धाकट्यापेक्षा जास्त कळत होती. लहानपणी उडी कशी मारायची ते मीच सांगायचो. मारायचा तो.

४ जानेवारी
गुन्वोरला सांगितलं. लापशी ढवळता ढवळता थांबली. म्हणाली, भावजी, तुम्ही? शेवटची उडी कधी मारली होतीत? म्हटलं, आठवून सांगतो.
(१८६९ असावं. किंवा ती दुसऱ्या कोणाची उडी असेल, आणि मी पाहत असेन.)

७ जानेवारी
तालाकच्या स्की घेऊन ओस्मुन सुताराकडे गेलो. पट्टे माझ्या पायाच्या मापाचे करून हवे होते. ओस्मुन स्की घडवतोही आणि उडतोही. तालाक नाही म्हटल्यावर यंदा सगळे त्याचंच नाव घेतात. म्हणाला, पट्टे कशाला बदलता मास्तर, भिंतीवर लटकवायच्या ना? मी शांतपणे म्हटलं, स्पर्धेत उतरतोय. त्याच्या हातून रंधा सुटून पायावर पडला.
घाबरला आहे.

१० जानेवारी
प्लॅन : रोज शाळा सुटल्यावर तीन वाजता प्रॅक्टिस. आज बर्फ फार भुसभुशीत होता.

११ जानेवारी
फार कडक.

१२ जानेवारी
बर्फ उत्तम. शाळेचा वार्षिक अहवाल लिहायचा होता.

१५ जानेवारी, रविवार
प्रार्थनेनंतर उडीच्या टेकडीवर चढलो. माथ्यावर दोन तास उभा राहून उतार, उडी घ्यायचा ओटा, उतरण्याची जागा सगळं नीट पाहिलं. टेकडी समजली. मागच्या बाजूने चालत खाली आलो.

२१ जानेवारी
पहिली उडी. गोठ्यामागे फावड्याने बर्फाचा छोटा ओटा रचला. अंतर दोन हात. हवेत असेपर्यंत पूर्ण ताठ होतो. त्यानंतरचं सांगण्यासारखं नाही. बकऱ्यांखेरीज कोणी पाहिलं नाही.

२२ जानेवारी
बसता येत नाही. उभ्यानेच लिहितो आहे. उभं राहण्याची प्रॅक्टिस आपोआप होते.

२६ जानेवारी
महत्त्वाचा शोध. पंचांचा मुख्य नेरी दुकानदार आज कॉफी मोजून देताना म्हणाला, मास्तर, कितीही लांब उडा, पडलात की संपलं. आडव्या ठेवलेल्या फांद्यांच्या रेषेपर्यंत दोन पायांवर आलात तरच उडी धरली जाते.
हेच तर! ही तरुण मुलं काठी फेकून देतात, गुडघे छातीशी घेतात, तीस-तीस हात उडतात आणि गडगडत खाली येतात. मी छोटी, सभ्य उडी घेणार आणि उभा राहणार. तालाकचंही हेच होतं. तो कधी पडला नाही. (तीस हात मात्र तोही उडायचा.)

३ फेब्रुवारी
गुन्वोरकडे कॉफी आणि बकरीचं चीज. चषक जवळून पाहिला. दोनदा कोरलेल्या तालाकच्या नावाखाली आणखी एका नावापुरती जागा आहे. ग्रेगार हाल्वोर्सेन हे माझं नाव जरा लांब पडतं. अक्षरं बारीक केली तर मावेल. दोऱ्याने मोजून पाहिलं. गुन्वोर म्हणाली, काय मोजताय? म्हटलं, धूळ.
हे सगळं केवळ तालाकच्या स्मृतीसाठी आहे. इथे लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारी, रविवार
आजवर चौदा उड्या. चौदा वेळा पडलो. पण पडण्यात स्पष्ट सुधारणा आहे. पूर्वी तोंडावर पडत असे, आता कुशीवर.
गुन्वोर टर्पेंटाइनची बाटली घेऊन आली. माझं मनगट चोळता चोळता म्हणाली, भावजी, तालाकने हे पाहिलं असतं ना, तर हसून हसून मेला असता. बराच वेळ ती तेच मनगट चोळत राहिली. दुखत होतं दुसरं.

१८ फेब्रुवारी
चषक फ्लॅनेलमध्ये गुंडाळून मंडळाकडे पोचवला. गुन्वोर रिकाम्या फळीकडे पाहत म्हणाली, बरं नाही वाटत हो. म्हटलं, एका दिवसाचा प्रश्न आहे, तिथे उगाच काही ठेवू नकोस.
आभाराचं भाषण लिहिलं. चार पानं झाली. तालाकविषयीचा भाग आटोपशीर करून तीन केली.
बाहेर पाऊस. फेब्रुवारीत!

१९ फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळी सहा
शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.
कालच्या पावसाचा रात्रीत काचेसारखा बर्फ झाला. पंचांनी एकच फेरी ठेवली. बारा जण उतरलो. माझा नंबर शेवटचा.
पहिला पडला. दुसरा पडला. ओस्मुन बत्तीस हात उडाला, टेकला, आणि तिथून बुडावर बसून थेट पाद्रीणबाईंच्या मांडीवर पोचला. त्या म्हणाल्या, ये बाबा. एकेक करत अकराच्या अकरा पडले. माझी थिअरी तंतोतंत खरी ठरली होती.
नेरी खालून ओरडला, मास्तर, उडू नका! नुसते उभे राहा!
मी निघालो. ओट्यावरून चार हात पुढे टेकलो आणि उभा राहिलो. हे पुन्हा लिहितो. उभा राहिलो. तालाकच्या स्कींवर.
वेग बेताचा होता, म्हणून रेषेच्या पंधरा पावलं आधीच थांबलो. सारं गाव ओरडत होतं, चाला मास्तर, चाला! ओस्मुनसुद्धा ओरडत होता, अहो, चालत या, कोणी खात नाही! चालायला हवं होतं. पण मला वाटलं, तालाकला आठवण्याचा हाच क्षण. मी टोपी काढली, डोळे मिटले, मान खाली घातली.
उतार तिथेही उतारच असतो. डोळे उघडले तेव्हा मी निघालेलो होतो. रेषा ओलांडली. पाठीवर.
गुन्वोरने टोपी आणून दिली. म्हणाली, चला भावजी, लापशी गार होतेय.

२० फेब्रुवारी
मंडळाची बैठक झाली. कोणीच उभा राहिला नाही तर काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. नेरीने जुनी नियमांची वही काढली. नियम सहावा : सर्वच स्पर्धक पडल्यास मागील विजेता विजयी समजावा. अक्षर माझं. १८८७ साली मीच नक्कल करून दिली होती. अक्षराकडे लक्ष होतं, मजकुराकडे नसावं.
म्हणजे तालाकचा सलग तिसरा विजय. चषक कायमचा त्याचा. कोणीतरी चाचरत म्हणालं, पण तो तर वारला. ओस्मुन म्हणाला, वारला ना? पडला तर नाही!
गुन्वोर हसली. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. मग शालीच्या टोकाने डोळे पुसले आणि चषक काखोटीला मारून घरी गेली.
निकालाची यादी चर्चच्या दारावर लावायची होती. अक्षर चांगलं म्हणून मलाच लिहायला बसवलं. पहिला, तालाक हाल्वोर्सेन, दिवंगत. पडलेल्यांचे क्रमांक उडीच्या लांबीवरून. तेरावा, ग्रेगार हाल्वोर्सेन, चार हात.
आयुष्यभर त्याच्याकडून हरत आलो, त्याचं काही नाही. यंदा तो आलासुद्धा नव्हता.