जुन्या धानाची बांधी

ब्रह्मपुरी
ता. ४ ऑगस्ट २०२४

चि. रंभास,
गुणवंतभाऊचा आशीर्वाद. तो तरी घेशील, का त्यालेही डॉक्टरची सही लागते?

फोनवर तू मधातच कापते, म्हून लिहून राह्यलो. छातीची गाठ फुफ्फुसात गेली हे ऐकूनच तुह्या वहिनीनं जेवण सोडलं. आन् तू नागपूरच्या दवाखान्यात ट्रायलमध्ये नाव टाकून आली! अर्ध्या बायांले किमो आन् संगं नवं अँटिबॉडीचं इंजेक्शन, अर्ध्यांले नुसती किमो. कोणाले काय, ते कंप्युटर ठरवणार. वा रे शहाणे! बियाण्याच्या कंपनीनं आपल्या शेताच्या दोन बांध्या घेतल्या होत्या, एकीत नवं धान, एकीत जुनं, तसाच हा धंदा. तू माही बहीण हाय, बांधी नाई.

बसच्या कंडक्टरजवळ पूड पाठवली हाय, अहेरीच्या बाजारातल्या वैद्याची. किमोसोबत चुपचाप घे. त्या कोटवाल्यांले काय समजते? तुह्या नवऱ्याले, हेमराजले, सांगू नको. त्याच्या पोटात काई टिकत नाई.

राग आला तरी माया कमी करू नको.
भाऊ गुणवंत


गडचांदूर
ता. १२ ऑगस्ट

ति. भाऊले,
रंभाचा नमस्कार. वाकून नाई, वाकलं का दम लागते.

पूड पोचली. तुही अक्कल बसमधीच राह्यली वाटते. डॉक्टरीणबाईले विचारलं. त्या म्हणाल्या, किमोवर हे घेतलं तर लिव्हर बिघडेल, आन् लपून घेतलं तर कोणत्या औषधानं काय झालं हेच कळणार नाई. समजलं तर ट्रायलमधून काढतील.

आठवते, कंपनीच्या त्या जुन्या धानाच्या बांधीत तू चोरून युरिया टाकला होता? दोन्ही बांध्या सारख्याच हिरव्यागार. कंपनीचा साहेब डोकं खाजवत गेला आन् तू मिशीवर ताव देत चौकात सांगत फिरला. मोठा तीर मारला! ते नवं धान चांगलं होतं का फालतू, हे आजही गावात कोणाले माहीत नाई. तुलेही नाई. आता तीच हुशारी माह्या पोटात टाकाले निघाला.

काल कंप्युटरनं नाव काढलं. मले नुसती किमो आली, पहिली सलाईन कालच लागली. नळ सोडून रडली मी, भाऊ. लय भेव वाटते. दोन घोट चहा पोटात राहत नाई, आन् नवं इंजेक्शन बाजूच्या बाईले. म्हंजे मीच जुन्या धानाची बांधी. पण बांधी खरी राह्यली पाह्यजे. आई याच गाठीनं गेली, आता मले झाली. पुढं तुही दिव्यानी हाय. देव न करो, पण तिच्यावर वेळ आली तर कोणतं औषध लागू पडते हे कोणाले तरी माहीत पाह्यजे का नाई? का तुह्या पोरीलेही बाजारातली पूड चारशील?

पूड परत पाठवून राह्यली. लोभ तेवढा ठेवून घे.
तुही रंभा


ब्रह्मपुरी
ता. १९ ऑगस्ट

चि. रंभास,
आशीर्वाद. भांडण झालं तरी तो तोच हाय.

तुहं पत्र दिव्यानीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तेव्हापासून ती माह्याशी बोलत नाई, आन् तुही वहिनी ताट असं आदळते का शेजारचे विचारतात. तो वैद्य एक नंबरचा लबाड, आन् मी त्याच्याहून मोठा बैल. पूड कोंबड्यांपुढं टाकली. त्यायनंही चोच लावली नाई.

कंप्युटरवरचा माहा राग जाणार नाई. त्या डबड्याले माही बहीण दिसली नाई. डॉक्टरीणबाई भेटल्या का तोंडावर बोलतो, तू मधात पडू नको.

दिव्यानीले सोमवारी तपासाले नेऊन राह्यलो. धानाचा रोवणा आटोपला. तुह्या पुढच्या किमोले मी येतो आन् सलाईन संपेपर्यंत बाजूले बसतो. हेमराजले सांग, आल्याबरोबर माहे खिसे पाहून घे. रिकामे हात घेऊन येतो, रंभा. या बांधीत मी काई टाकणार नाई.

तुहा भाऊ,
गुणवंत