फक्त समोरच्या बाजूने सहा मीटर

६ जानेवारी २०२५, सोमवार
नगरपरिषदेनं शहराचा नवा विकास आराखडा जाहीर केला. कोणता रस्ता रुंद होणार, बगीचा कुठं, पार्किंग कुठं, सगळं त्यात. हरकत घ्यायची तर तीस दिवस. व्यापारी संघाची तातडीची मीटिंग. नियम आपल्या सोयीचे करून घ्यायले सुधार समिती काढली. निमंत्रक मी. सर्वानुमते! एकानंही विरोध केला नाही. काहून केला नसंल?
निश्चय: कोणावर भरोसा ठेवायचा नाही. ही वही सिमेंटच्या पोत्यामागं ठेवायची.

८ जानेवारी
नकाशा म्हणे नगरपरिषदेच्या हॉलमध्ये भिंतीवरच लावला आहे. आमची अर्पिता यवतमाळले सिव्हिल इंजिनिअरिंग करते, सुटीत आली आहे. म्हणाली, बाबा, एकदा पाहून तं या. मी गेलो नाही. जो नकाशा कोणालेही पाहू देते तो खरा राहील काय? खरा आतल्या कपाटात. तीस वर्षं हार्डवेअर विकून राह्यलो. दाखवायचा माल वेगळा आणि द्यायचा वेगळा, हे मले कोणी शिकवू नये.

११ जानेवारी, सकाळी ११.१०
देवीलाल चहा घेऊन आला. रस्त्याच्या पलीकडं, बरोबर माह्या समोर, त्याचं कापडाचं दुकान. बावीस वर्षांपासून अकराचा चहा त्याचा, चारचा माहा. आज चहात इलायची होती. कायले?

१५ जानेवारी
सापडलं! देवीलाल नवीन शटर बसवून राह्यला. ज्याचं दुकान तुटणार तो शटर बसवते काय? म्हणजे मेन रोड रुंद होणार आणि जागा जाणार माह्या बाजूची. त्याले आतून खबर आहे. सहज विचारलं. म्हणे, जुनं लई कुरकुरत होतं नानाजी. आणि हसला. वर शटरचं कुलूप माह्याच दुकानातून घेऊन गेला. हिंमत पाहा.
बायकोले, विमलले सांगितलं. म्हणाली, त्याच्या पोरीच्या लग्नात तीन दिवस मांडवात पडून होते ना तुम्ही, आता त्याच्यावरच संशय? काल संक्रांतीची साडी त्याच्याकडून आणली, म्हणून बोलते.

२१ जानेवारी
अर्ज तयार. एकदम कडक. सरळ विरोध केला तं साहेब लोक चिडतात, म्हणून आधी हो म्हणायचं. लिहिलं: मेन रोड जनहितार्थ अठरा मीटर अवश्य करावा, मात्र वाढीव सहा मीटर जागा फक्त पश्चिम बाजूने घ्यावी. पश्चिम बाजू देवीलालची. अर्जात त्याचं नाव नाही, माहं नाही. आपण कोणाचं वाईट चिंतत नाही.

२४ जानेवारी
सह्या झाल्या. आमच्या संघाची पद्धत बरी आहे. गिऱ्हाईक सोडून वाचत कोण बसते? सगळे कोऱ्या कागदावर सही ठोकतात, मजकूर मागून वर लिहायचा. लाइटच्या तक्रारीपासून गणपतीच्या परवानगीपर्यंत असंच. एक्केचाळीस सह्या. देवीलालची सातवी. म्हणे, तुम्ही आहे नानाजी, तं पाहायचं काय त्यात? मले जरा कसंतरीच झालं. मंग लक्षात आलं, मुद्दाम बोलला असंल.

४ फेब्रुवारी, सायंकाळ
शेवटच्या दिवशी, ऑफिस बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी अर्ज दिला. आधी दिला असता तं फुटला असता. खिडकीवरच्या संगीता मॅडमनं विचारलं, ही हरकत आहे की मागणी? मी म्हटलं, तुम्ही शिक्का मारा. आवक नंबर मिळाला. हॉलमधला नकाशा तिथून दिसत होता. मी त्याच्याकडं पाठ करून उभा राह्यलो.

१२ मार्च
सुनावणी. साहेबानं दोनदा विचारलं की रस्ता रुंद करा ही व्यापाऱ्यांची स्वतःचीच मागणी आहे काय, दुकानं जातील याची कल्पना आहे ना. मी म्हटलं, साहेब, शहरासाठी त्याग करावाच लागते. साहेब उठून उभे राह्यले, हात मिळवला. म्हणाले, असे व्यापारी पहिल्यांदा पाहिले. साहेब एवढे खूश काहून झाले? विचार करून राह्यलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार
सुधारित आराखडा लागला. आता पाहायले हरकत नव्हती. अर्पिताले घेऊन गेलो. जुना नकाशा आणि नवा, दोन्ही शेजारी. जुन्यात आमच्या मेन रोडले बोटही लावलेलं नाही. रुंदीकरण सगळं बायपासले होतं. नव्यात मेन रोडवर लाल रेघ. खाली टीप: व्यापारी संघाच्या मागणीनुसार अठरा मीटर. एकट्या पश्चिमेकडून घेणं मान्य नाही, म्हणून रस्त्याच्या मध्यापासून मोजून दोन्हीकडून तीन-तीन.
अर्पितानं पट्टी लावून पाहिलं. आपलं काउंटर जाते बाबा, म्हणाली. जिना जाते. माह्या बाबांनी एकाहत्तर साली स्वतः बसवलेला दगडी उंबरठा जाते. मंग पट्टी पिशवीत टाकून चालू लागली. चांगल्या शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

२१ सप्टेंबर
बाजारात बोंबाबोंब. संघाची मीटिंग. हे कोणी केलं ते शोधायले चौकशी समिती काढली. निमंत्रक मी. सर्वानुमते.

२५ सप्टेंबर
देवीलाल दुपारी आला. हातात माह्या अर्जाची नक्कल, नगरपरिषदेतून काढलेली. काउंटरवर ठेवली आणि सातव्या सहीवर बोट ठेवलं. म्हणे, नानाजी, मी पहिल्याच दिवशी नकाशा पाहून आलतो. आपला रोड साफ होता, म्हणून तं शटर टाकलं. तुम्ही विचारलं असतं तं हात धरून दाखवायले नेलं असतं. आवाज चढवला नाही. कागद तिथंच ठेवून गेला. लाज वाटली, दुसरं काय.

२६ सप्टेंबर, सकाळी ११
समोर देवीलालचं शटर उघडं आहे.

११.४०
किटली घेऊन कोणी निघालं नाही.

१२.२५
चहा आला नाही. याच्यामागं कोणाचा हात आहे ते मले पक्कं माहीत आहे.