तांबडीचा पुढचा ब्रेक

३ जानेवारी, शनि.
तांबडी शेवटी भांडुपला सावंतांच्या गॅरेजमध्ये ठेवून आले. बाबांची ही मोटरसायकल माझ्याहून वयाने मोठी. चालते झकास, थांबत मात्र नाही. डिसेंबरात लिंक रोडवर पुढची रिक्षा थांबली आणि मी नाही. चाक रिक्षाच्या पाठीला टेकलं, एवढंच. रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहीत नाही.
सावंतांचं म्हणणं, पुढचे फोर्क, म्हणजे चाक धरणारे दांडे, बदलू, जुना ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक लावू. त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचे बसतात, थोडं जुळवून घ्यावं लागतं. लावा म्हटलं.
खरं कारण सावंतांना सांगितलं नाही. मला बाबांना मागे बसवून मनोरीला, खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर, न्यायचंय. आई गेल्यापासून ते तिकडे गेलेले नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना किक मारवत नाही. रिक्षा नको, जावयाची, नितीनची, कार नको, "जाईन तर तांबडीवरून". मग माझ्यामागे बसा. तर म्हणाले, "जी थांबत नाही तिच्यामागे मी बसत नाही."
आमची गाडी आहे ती. आम्ही थांबायला शिकू.

६ जाने., मंगळ.
ऑफिसात जेवताना सावंतांचा फोन. पुढचा ड्रम उघडला. आतले लायनर जवळजवळ कोरे! "ताई, ह्या गाडीचा पुढचा ब्रेक कुणी लावलाच नाही कधी. वायरपण मुद्दाम सैल सोडलीय." फोर्कचा मात्र जीव गेलाय. ऑइल गळून आत काही उरलेलं नाही.
रात्री जेवताना बाबांना विचारलं. आधी कोशिंबीर वाढून घेतली. मग म्हणाले, "तुझी आई एकाअंगी बसायची. साडी. पुढचा दाबला की गाडी नाक खाली घालायची नि ती सरकायची. एकदा घाटकोपरला पडताना वाचली. घरी येऊन वायर सैल केली. चुकूनसुद्धा हाताने दाबला जायला नको."
म्हणजे इतकी वर्षं नुसत्या मागच्या ब्रेकवर.
"लांबूनच थांबायला लागायचं," म्हणाले. "सवय होते."
मला शिकवतानाही तेच, पुढचा दाबू नकोस. मला वाटायचं त्या पिढीची भीती. आईचं नाव कधी आलंच नाही त्यात. मीही ती सैल वायर तशीच चालवत राहिले, आणि माझ्यामागे तर कोणी बसलेलंही नव्हतं.
आता ते सगळं काढायला सांगून आलेय. सावंतांना थांबवू का? नितीन म्हणाला, झोप. झोपते.

१० जाने., शनि.
थांबवलं नाही. पण काम अडलंय. फोर्क आले, वरची पट्टी बसेना. सावंतांनी वेगळ्याच वर्षाच्या मॉडेलचे मागवले. आधी दुकानदाराला शिव्या, मग जरा वेळाने, "माझंच चुकलं ताई, मी चष्मा न लावता नंबर वाचून दाखवला." परत पाठवले.
नितीन म्हणतो, "सावंतांशी जेवढं फोनवर बोलतेस तेवढं लग्न ठरल्यावर माझ्याशीपण बोलली नव्हतीस." खरंय. तेव्हा विषय कमी होते.
संध्याकाळी बाबांनी विचारलं, जुन्या ड्रमचं काय करणार. भंगारात, मी म्हटलं. ते टीव्ही बघत बसले. मला चैन पडेना. गॅलरीत जाऊन हळूच सावंतांना फोन केला, ड्रम टाकू नका. तर ते हसायला लागले. बाबांचा फोन त्यांना कालच येऊन गेला होता.

१७ जाने., शनि.
झालं काम! पुढचं सगळं नवं, चकचकीत. मागचं होतं तसं, तांबडं नि पोचे आलेलं. म्हातारीने नवी कवळी घातल्यासारखी दिसते.
पाइपलाइनच्या रस्त्यावर ट्रायल. सावंत दुसऱ्या टोकाला उभे. मी गेले, मागचा ब्रेक दाबला आणि त्यांना ओलांडून बरीच पुढे जाऊन थांबले. सावंत चालत माझ्यापर्यंत आले. "एवढी डिस्क लावली ती काय, भांग पाडायला?"
पाय आपोआप जातो. हाताला कळतच नाही की आता त्याचंही काम आहे. पुन्हा, पुन्हा. दोन बोटांनी, हळू, मग घट्ट. एकदा इतका जोरात दाबला की सावंतांनीच डोळे मिटले. पण गाडी सरळ उभी राहिली. नाक जरासं वाकलं, नमस्कार करावा तेवढंच.
ड्रम पेपरात गुंडाळून घरी आणला. बाबांनी गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी ठेवला.

२१ जाने., बुध.
रोज सकाळी सोसायटीच्या आवारात सराव. वॉचमन कंटाळला. बाबा वरून चहा पीत बघतात. आज एवढंच म्हणाले, "क्लच सोडताना घाई करतेस." ब्रेकबद्दल अवाक्षर नाही.
मी खूश आहे. का ते नीट सांगता येणार नाही. हात शिकतोय, म्हणून असेल.

२५ जाने., रवि.
सराव करत होते तर बाबा स्वतःच खाली आले. बूट घालून! डोक्यावर नितीनचं हेल्मेट, कानावर घट्ट.
"गल्लीच्या टोकापर्यंत. पुढे नाही."
बसताना गुडघ्याने त्रास दिला. मग विचारतात, हात कुठे ठेवायचे? तांबडीवर मागे कधी बसलेच नव्हते. सीटला धरा म्हटलं. टोकाला मी थांबले, दोन्ही ब्रेक, अलगद. तेवढ्यात त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर आला. परत येईपर्यंत तिथेच होता. मी उगाच हळू चालवली.
उतरल्यावर तक्रार. "मागे बसून काय दिसतं? तुझं डोकं."
"मग आईला काय दिसत असेल?"
"तिचं तोंड बाजूला असायचं. तिला मनोरीचं पाणी दिसायचं. मला रस्ता."
लिफ्टमध्ये मनोरीचं विचारायचं होतं. नाही विचारलं.

१ फेब्रु., रवि.
आज विचारलं. "बघू," म्हणाले. "आधी पवईपर्यंत जाऊन बघू, तलाव बघून परत." सकाळीच निघालो. भांडुपच्या उतारावर एक टेम्पो मध्ये आला. मी थांबले. व्यवस्थित, वेळेवर. मागून फक्त "हं".
पवईला तलावाशी पाच मिनिटं उभे राहिलो. ऊन छान होतं. मग पुढच्या सिग्नलला लाल लागला. तिथून यू-टर्न घेऊन घरी जायचं होतं. मी विचारलं, "बाबा, वळू?" वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा विचारलं. हिरवा लागला, मागचे हॉर्न मारायला लागले.
"सरळ घे गो. वळू पुढे कुठेतरी."
जोगेश्वरीपर्यंत गेलो. तिथे हायवे दिसल्यावर म्हणाले, गुडघा दुखतोय, आज पुरे. मी वळले.
जोगेश्वरीहून मार्वेची जेट्टी काही फार नाही. पण तिथून पुढे मनोरीला बोटीने जावं लागतं, आणि बोटीचा विषय अजून दोघांनीही काढलेला नाही.