कुणी आत आलं की

मंगळवार, ११ फेब्रुवारी
खारू येऊन गेली! मी दुकानात चष्म्याच्या काचा घासत होतो तेव्हा. घरी आलो तर संगणकाच्या पडद्यावर ओळ — तिचं खेळातलं नाव, आत आली, बाहेर गेली. आईबरोबर वेगळी राहायला गेल्यापासून लेक माझा फोन उचलत नाही. पण आम्ही दोघांनी ठोकळ्यांनी बांधलेल्या त्या जगात येते! तळ्याकाठी नवी फुलं लावलीत.

बुधवार, १२
सुट्टीत जेवता जेवता व्हिडिओ बघितले. खेळात एक हुकमाचा ठोकळा असतो. त्यात आज्ञा लिहून ठेवली की खेळाडू आत येताच ती आपोआप चालते — आपण तिथे असो वा नसो. दुपारी डावी काच उजवीकडे बसवली. मालकीणबाई ओरडल्या, "लक्ष कुठंय? त्या माणसाला रस्ता ओलांडायचाय!"

गुरुवार, १३
आज्ञा लिहिली. आत येईल त्याला विचारायचं — ‘आलीस का गं?’ स्वतःच आत जाऊन बघितलं. बापरे! थांबेचना. आलीस का गं, आलीस का गं — पडदा भरून गेला. मग युक्ती सापडली. एकदा विचारलं की खेळाडूवर खूण लावायची, खूण असेल त्याला पुन्हा विचारायचं नाही. जमलं! पण बाहेर जाऊन परत आलो तर खूण तशीच, स्वागत गायब. आता आणखी एक ठोकळा — बाहेर गेलेल्याची खूण पुसणारा.

शनिवार, १५
एक भर घातली. आत आली की तिला उचलून थेट डोंगरावरच्या घरात न्यायचं. तिच्यासाठीच बांधलंय, खिडकीतून समुद्र दिसतो. ताईला फोनवर सांगितलं तर हसत सुटली. "अरे, कोळ्यासारखा जाळं विणून बसलायस की!" तिला काय कळतंय.
भाजी करपली. पडद्यासमोरून उठवतच नाही.

सोमवार, १७
आली. लगेच गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. दर वेळी माझ्या हुकमानं तिला उचलून डोंगरावर नेलं असणार. घरात भिंतीवर पाटी लावून गेलीय —
‘ओढू नकोस.’
साधं ‘बाबा’सुद्धा नाही.

मंगळवार, १८
राहवलं नाही. तिच्या आईला फोन केला.
"खारूला सांग, मी काही मुद्दाम —"
"तूच सांग."
"उचलत नाही ना ती!"
"मग थांब की जरा. तुला कधी थांबताच येत नाही."
फोन ठेवला. घरभर येरझाऱ्या. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली.

गुरुवार, २०
सगळे हुकमाचे ठोकळे खणून काढले. आता कुणी आत आलं तरी काहीही होणार नाही. ना प्रश्न, ना ओढाओढ.
हात शिवशिवतायत.

रविवार, २३
मी आत होतो आणि ती आली! तळ्याकाठी उभी राहिली. मी जागचा हललो नाही. ती फुलं लावायला लागली. मग मीही पलीकडच्या काठाला एक लावलं. तिनं बघितलं. गेली नाही! दोघं कितीतरी वेळ नुसते लावत होतो. शेवटी लिहिलंच, ‘शाळा कशी चाललीय गं?’
हात थांबले तिचे. निघून गेली.
कशाला विचारलं मी! गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं?

सोमवार, २४
काही नाही.

मंगळवार, २५
तळ्याकाठी पाटीवर उत्तर आलं.
‘शाळा बरी चाललीय. पण आपल्या लेकीनं हा खेळ कधीच सोडलाय रे. तिच्या नावानं मीच येते.’
खाली आणखी एक ओळ —
‘उद्या येऊ का?’