पायाखाली साखर

प्रिय बगळ्या,

या नावाने आता तुला कुणी हाक मारत नसेल. पन्नाशी ओलांडलेल्या, जहाजांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला बगळा कोण म्हणणार? पण तुझं खरं नाव लिहून पाहिलं तर एखाद्या अर्जाची सुरुवात केल्यासारखं वाटलं, म्हणून खोडलं. पत्ता तुझ्या बहिणीने दिला. तिच्या शिवणाच्या दुकानात मी पडद्याचं कापड घेऊन गेले होते, आणि मला पडदे नको आहेत हे तिने पहिल्या मिनिटात ओळखलं. गळ्यातली टेप काढून ठेवत म्हणाली, तेवीस वर्षांनी पडदे आठवले होय! तुझी आई, आम्हा सगळ्यांची मावशी, गेल्याचंही तिनेच सांगितलं. तुझा संसार आहे की तू एकटा आहेस, हे मी विचारलं नाही आणि तिनेही आपणहून सांगितलं नाही. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. ती सांगायला मला वेळ लागणार आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

मी अजून त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. खोलीवर आता माझ्या नावाची पाटी आहे, तेवढाच काय तो फरक. खिडकी तशीच अर्धवट उघडते, बरण्यांमधल्या औषधाचा वास तसाच डोळ्यांत जातो, आणि ज्या स्टुलावर बसून तू माझ्या कामाची टिंगल करायचास ते अजून डुगडुगतं. कुणाकडे जेवायला गेलं आणि काय करता म्हणून विचारलं, की मी समुद्राचा अभ्यास करते म्हणते. लोकांच्या डोळ्यांपुढे डॉल्फिन येतात. मग मी सांगते, खाडीच्या तळाचा चिखल लोखंडी जबड्याने वर काढायचा, चाळणीवर धुवायचा, आणि जाळीवर जे किडे, ज्या शिंपल्या उरतील त्या एकेक करून मोजायच्या. एवढं होईपर्यंत समोरच्याला पलीकडच्या खोलीत काहीतरी महत्त्वाचं काम आठवलेलं असतं. तू मात्र कधी उठून गेला नाहीस. मोजताना माझी गणती चुकवायचास, पण गेला नाहीस.

तुला आठवायचं म्हटलं की मला चिखलच आठवतो. पाणी उतरलेलं, गुडघाभर गाळ, आणि त्यात एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने शिंपल्या चाचपणारा तू. तोंडाने अखंड बडबड. थोड्या अंतरावर कमरेला टोपली बांधून वाकलेली मावशी मधूनच ओरडायची, की तोंड बंद ठेव, शिंपल्या पळून जातील. मी नवी होते, मी ते वहीत टिपलंसुद्धा होतं. नमुने घ्यायला होडी तुमचीच असायची, म्हणून ओहोटीची वेळ तू चिठ्ठीवर लिहून माझ्या दाराच्या फटीत खोचून जायचास. पुढे कामाच्या नसलेल्या दिवसांच्याही चिठ्ठ्या यायला लागल्या. त्यात 'ये' असं तू कधीच लिहिलं नाहीस. तारीख आणि ओहोटीची वेळ, बस्स. पहिल्या दोन मी इमानेइतबारे फाईलला लावल्या. तिसऱ्या वेळी होडीत चाळणीही नव्हती आणि लोखंडी जबडाही नव्हता, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मग ते वर्ष आलं. बंदराच्या लोकांना मोठ्या जहाजांसाठी खाडीच्या तोंडाशी खोल वाट खोदायची होती, आणि ती बरोबर तुमच्या शिंपल्यांच्या पट्ट्यातून जात होती. पट्टा जिवंत असेल तर वाट वळवायची, संपत आला असेल तर सरळ खोदायची, असं ठरलं होतं. ते ठरवणारा अहवाल माझा होता, आणि तो माझा पहिलाच होता. मोठ्या शिंपल्या त्या वर्षी खरोखरच कमी होत्या. सगळा प्रश्न पिल्लांचा होता: चिखलात नवी पिल्लं रुजली आहेत की नाहीत. नमुन्यांच्या दिवशी मी चाळणीवर वाकले होते आणि तू होडीतून उतरून उभा राहिलास. "पायाखाली साखर सांडल्यासारखं लागतंय," म्हणालास. "पिल्लं आहेत. भरपूर आहेत." माझ्या जाळीवर एकही नव्हतं. मी म्हटलं, पाय हे काही मोजमापाचं साधन नाही. तू हसलास. माझ्या प्रत्येक उद्धटपणाला तू हसायचास, त्यामुळे मला कधी वेळेवर लाज वाटलीच नाही.

मी अहवालात 'नवी पैदास शून्य' असं लिहिलं, खाली सरांनी सही केली आणि खोदाई मंजूर झाली. यंत्रं यायच्या आधी तू एकदा वर आलास. स्टुलावर बसला नाहीस. आई म्हणते एकदा परत धुऊन बघ, एवढंच बोललास. मी म्हटलं, आकडे बदलत नसतात. यंत्रं आली, आणि तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीत तुझी चिठ्ठी होती. तारीख, ओहोटीची वेळ. मी आले नाही. त्या सकाळी मी खिडकीशी उभी होते. इथून पाणी उतरलेलं दिसतं, माणूस दिसत नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, की तू परदेशी जहाजावर गेलास.

तुला वाटलं असेल, शिकलेली बाई, नोकरी कायम झाली, आता चिखलातल्या माणसाशी तिला काय देणंघेणं. मी तसं वाटू दिलं, कारण खरं त्याहून वाईट होतं. आमच्याकडे चाळण्या दोन, एक बारीक जाळीची आणि एक जाड. पिल्लं बारीक जाळीवरच थांबतात, जाड जाळीतून पाण्याबरोबर निघून जातात. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. त्या दिवशी खुंटीवर होती ती मी उचलली आणि सवयीने वहीत 'बारीक' लिहिलं. तू वर येऊन गेलास त्या दुपारी, केवळ तुझं तोंड बंद करावं म्हणून, मी बारीक चाळणी खाली काढली. तिच्या कडीला जाळी दुरुस्त करणाऱ्या कारागिराची चिठ्ठी तशीच बांधलेली होती. कधी आली, कधी परत गेली, सगळं लिहिलेलं. नमुन्यांच्या दिवशी ती चाळणी त्याच्या दुकानात होती. म्हणजे सबंध दिवस मी जाड चाळणीवर धूत होते. तुझी साखर मी माझ्या हातांनी खाडीत सोडून देत होते, आणि तू समोर उभा राहून सांगत होतास.

यंत्रं यायला अकरा दिवस होते. अकरा दिवसांत एक पत्र लिहून होतं. मी कारागिराची चिठ्ठी सोडवली आणि खणात टाकली. नोकरीची भीती होती, सरांची होती, आणि सगळ्यात जास्त भीती ही, की हे ऐकल्यावर तू हसणार नाहीस. मी घाबरट होते, बगळ्या. याला दुसरा शब्द नाही. तुझी बहीण सांगत होती, मावशी शेवटपर्यंत म्हणायची, त्या पोरीचा काय दोष, तिला जे दिसलं ते तिने लिहिलं. तिच्या दुकानात मी मान वर करू शकले नाही.

आता बातमी. सात वर्षांपूर्वी मोठी जहाजं यायची बंद झाली, खोदाई थांबली, आणि ती वाट गाळाने भरत आली. मी दर वर्षी तिथला चिखल धुते. आधी दोनदा जाळी बोटांनी चाचपते, त्यावरून माझ्या विद्यार्थिनी पाठीमागे हसतात. सहा वर्षं नुसते किडे मिळाले. गेल्या आठवड्यात बशीत पिल्लं होती, दोनशे चौदा. मी तीनदा मोजली. मग ओहोटीला गेले, बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एकटीच चिखलात उभी राहिले. लागलं रे. पायाला लागलं. तुझं वाक्य मला तेवीस वर्षांनी कळलं आणि शेजारी तू नव्हतास. मी तिथेच रडले, भरपूर रडले. विद्यार्थिनींना सांगितलं, डोळ्यात वाळू गेली.

बंदराला ती वाट पुन्हा खोदायची आहे आणि अहवाल पुन्हा माझ्याकडेच आला आहे. या वेळी पहिल्याच पानावर मी माझी जुनी चूक लिहिली आहे. वहीतली नोंद, कारागिराची चिठ्ठी, ते अकरा दिवस, सगळं. त्यानंतर दारावरची पाटी राहील की जाईल, मला माहीत नाही. एकदा चुकलेल्या आणि गप्प बसलेल्या बाईच्या आकड्यांवर विश्वास का ठेवायचा, असं विचारतील, आणि विचारावंच. म्हणून आकड्यांच्या वर मला एक जुनी नोंद हवी आहे: तारीख, जागा, 'पायाखाली साखर सांडल्यासारखं लागतंय', आणि पुढे नोंद करणाऱ्याचं नाव. बगळा नाही, तुझं खरं नाव. त्याला तुझी परवानगी हवी. पण तेवढ्यासाठी चार ओळी पुरल्या असत्या. खणात कारागिराच्या चिठ्ठीखाली तुझी शेवटची चिठ्ठीही होती, आणि तिचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. माफी मागायला मला तोंड नाही. उत्तर तुझ्याच पद्धतीने देते.

पुढच्या महिन्याची सतरा तारीख. ओहोटी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी.

तुझीच,
चाळणीबाई