आतली कडी

प्रिय धाकट्या,

शीतगाड्यांच्या एकसष्ट पेट्या, शाळेचा लोखंडी जिना, आईची चाकांची खुर्ची, शेडमधलं पत्रा वाकवायचं यंत्र, तेही भंगारातून. हे सगळं या दोन हातांनी केलं. पुस्तक नाही, गुरू नाही. आणि तुझे हातही मीच घडवले, ते यादीत धरायलाच हवेत.

परवा पोलिसांनी पकडलेली गाडी बघायला बोलावलं. जाणकार म्हणून. मासळीची शीतगाडी, आत खोटी भिंत, भिंतीमागे बावीस इंचांची जागा. कारखान्यात काम देतो सांगून सीमेपलीकडून अकरा माणसं त्यात उभी करून आणली होती. चौघं उभ्याउभ्याच मेली; पडायला जागा नव्हती. वाचलेली एक बाई म्हणाली, अंधारात ती दारावर हात फिरवत राहिली, आतून कडी असेलच म्हणून. माझ्या एकसष्टच्या एकसष्ट पेट्यांना ती आहे, एखादा हमाल अडकला तर बाहेर यायला. इथे नव्हती. पत्र्यावर नखांचे ओरखडे होते. मी पट्टी लावून मोजलं. सगळ्यात खालचे जमिनीपासून अडीच फुटांवर. तुझ्या मुलीचा हात तिथवर पोचतो.

मग वेल्डिंगचे टाके पाहिले. सुंदर होते, खोटं कशाला बोलू? शिवणयंत्रावर घातल्यासारखे एकसारखे, आणि प्रत्येकाचं शेपूट डावीकडे वळलेलं. या भागात डावखुरा वेल्डर एकच. साहेबांनी विचारलं, हात ओळखता का? मी सही केली. जबाबाच्या तिसऱ्या पानावर तुझं नाव आहे. आई विचारते, धाकटा फिरकत का नाही? कामात आहे, एवढं खोटं मी बोललो.

तू म्हणशील, दादा, तू तरी रक्ताचा होतास ना? थांब. हे पत्र तुला शिव्या घालायला लिहिलेलं नाही. स्वतः हजर हो आणि त्या दलालाचं नाव सांग. त्याची दुसरी गाडी भरायची बाकी आहे म्हणतात. जबाबाचं चौथं पान माझ्यावर आहे, ते तुला दुसऱ्याकडून कळू नये. तो दलाल आधी माझ्याच शेडमध्ये आला होता, नाव न सांगता. माल काय, विचारलं तर हसला, म्हणाला, दोन पायांचा. मी पोलिसांत गेलो नाही. छाती फुगवून म्हणालो, असली हलकी कामं आमचा धाकटा करतो, आणि तुझा पत्ता लिहून दिला. काम एवढंच होतं, एक भिंत, एक दार, मुदत आठ दिवस. मी नाही म्हणालो. तीन लाख देत होता.

तुझाच,
दादा